समुद्राकडची बाजू

प्रिय बारक्या,

पत्राला उशीर झाला, माफ कर. तू म्हणशील, कसला उशीर, पत्र येणार आहे असं मला कुणी सांगितलं होतं? तेही खरंच. पण माझ्या मनात हे पत्र गेल्या उन्हाळ्यापासून आहे आणि दोनदा लिहूनही झालं. पहिलं फार लांबलं, दुसऱ्यात नुसती हवापाण्याची चौकशी झाली. दोन्हीचे कागद चांगले जाड होते, ते एक नंबरच्या गोदामाच्या छपराला लागले. तेव्हा हे तिसरं. चौथी शिकलेल्या माणसाचं आहे, चुका पोटात घाल. सासष्ट वर्षांच्या माणसाला बारक्या म्हणतोय याचाही राग धरू नकोस. दुसरं काही लिहून बघितलं, पण ते परक्याला लिहिल्यासारखं वाटलं. फोन करता आला असता. पण फोनवर तू ‘हं, बरंय’ म्हणतोस आणि लगेच बायकोच्या हातात देतोस. शिवाय मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. उजव्याने येतं, पण घाबरलो की त्यानेही येत नाही.

गोदाम कसलं, असा प्रश्न पडला असेल. मी आपलं जुनं बंदर कागदाचं करतोय. सगळं. फाटकापासून धक्क्याच्या टोकापर्यंत, तू टगवरून जहाजं ओढून आणायचास तेव्हा होतं तसं. कस्टमच्या इमारतीत आता वाचनालय आहे. तिथल्या बाई एकदा म्हणाल्या, मुलांना खिडकीतून गाड्या लावायची जागा दिसते, इथे पाणी होतं हे त्यांना पटतच नाही. कुणीतरी दाखवायला हवं. मी बोलून गेलो, मी दाखवतो. घरी आल्यावर कळलं, काय बोलून बसलो. पण तेहतीस वर्षं बंदर कचेरीत वह्या बांधल्या, रजिस्टरं शिवली. कागद, पुठ्ठा, खळ आणि दोरा यांच्यापलीकडे मला काही येत नाही, आणि बंदराला एवढंच लागतं असं दिसतंय. आता काम एका ठिकाणी अडलंय आणि ते तुझ्याशिवाय सुटणार नाही. पंधरा तारखेच्या आत तू कळवायला हवंस. यायला जमलं तर त्याहून बरं. काय अडलंय ते सांगतो, पण आधी कसं केलं ते ऐक, नाहीतर तुला कळायचं नाही.

बाहेरच्या खोलीतलं जेवणाचं टेबल गेलं. आम्ही दोघं आता स्वयंपाकघरात स्टुलांवर बसून जेवतो. टेबल साडेपाच फुटांचं आणि बंदर फाटकापासून टोकापर्यंत माझ्या सहाशेचाळीस पावलांचं. दहा पावलांना एक इंच धरला, दोन इंच उरले. पावलं मला सगळी पाठ आहेत. फाटक ते बांधणी खोली दोनशे बारा. खोली ते नळ चौतीस. तू हसायचास, दादा चालत नाही, मोजतो. मोजत असलो की दुसरी काळजी डोक्यात शिरत नाही, एवढंच त्यातलं गुपित. बघ, ती सवय कामाला आली.

पण त्याच पावलांनी मला गोत्यातही आणलं. जमिनीवरचं सगळं पावलांत होतं, बोटी आणि दारं मात्र फुटांत. तुझी टग साठ फुटांची, हे रजिस्टरात होतं. मग माझं पाऊल किती फुटांचं? अंगणात चाललो, पट्टी लावली, दीड फूट भरलं. त्या हिशोबाने टग केली, क्रेन केली, गोदामांची दारं कापली. दोन महिने गेले. टग पाण्यात ठेवली तर बोटी लावायची सबंध खोबण अडवून बसली, बादलीत म्हैस बसावी तशी. आपला क्रेनवाला रोज दुपारी चुका काढायला येतो. तो अजून तसाच आहे, दात गेले पण जीभ गेली नाही. तो म्हणाला, दादा, ही टग आहे की लढाईचं जहाज? मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. खरी चूक तुझ्या वहिनीने काढली. खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाली, अहो, तुम्ही आता चालता ते पाऊल मोजलंत, तेव्हा चालायचात ते नाही. मी पुन्हा हिशोबाला बसलो. रजिस्टरात फाटक ते टोक सोळाशे फूट लिहिलेलं होतं. भागून बघितलं, तेव्हाचं पाऊल अडीच फुटांचं निघालं. एक फूट कुठे गेला रे माझा? मग बोटी, क्रेन, दारं, सगळं पुन्हा केलं.

वहिनी खिडक्या कापते. तिची नखं कापायची छोटी कात्री आहे ना, तिने. कचेरीच्या इमारतीला चौऱ्याऐंशी खिडक्या, त्यातल्या साठ तिच्या. पूर्वी एका बैठकीत वीस कापायची, आता पाच-सहा झाल्या की कात्री खाली ठेवते आणि म्हणते, राहू दे, उजेड कमी आहे. भर दुपारी. मी दिवा लावतो, तरी ती कात्री उचलत नाही. स्वयंपाकाला सध्या तिची भाची येऊन राहिली आहे, त्यामुळे हाल नाहीत. मध्ये आम्हाला दोन-तीनदा मोठ्या गावी जाऊन यावं लागलं, तेव्हा क्रेनवाल्याला किल्ली दिली होती. खिडक्या बंद ठेव, पंखा लावू नकोस आणि जवळ उभा राहून शिंकू नकोस, असं मी त्याला कागदावर लिहून दिलं. त्याने तो कागद दोऱ्याने क्रेनला टांगून ठेवला होता.

बाकी साहित्य घरचंच आहे. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. तरी मी सकाळ-संध्याकाळ भिंग घेऊन बघतो. धक्क्याचे दगड जुन्या रजिस्टरांच्या पुठ्ठ्यांचे, रंगसुद्धा द्यावा लागला नाही. दोरखंड म्हणजे मेण लावलेला बांधणीचा दोरा. कागदाला एक कल असतो, त्या बाजूने दुमडला तर सरळ वळतो, उलटा दुमडला की तडकतो. दीपगृह गोल करताना तीनदा तडकलं. शेवटी वहिनीने कागद वाफेवर धरून दिला आणि तो निमूट वळला. पांढरा पुठ्ठा विकत आणावा लागत नाही. औषधांच्या खोक्यांचा आतून पांढरा असतो आणि अलीकडे घरात ती भरपूर येतात.

तर अडलंय ते हे. सगळं झाल्यावर क्रेनवाल्याने टेबलाला एक फेरी मारली आणि पलीकडे जाऊन उभा राहिला. म्हणाला, दादा, हे बंदर आहे की भिंतीला लावलेलं कपाट? याला मागची बाजूच नाही. मी गेलो, बघितलं. खरंच नव्हती. गोदामं, कचेरी, शेड, सगळ्यांची समुद्राकडची तोंडं कोरी. पांढरीफेक. मला वाटलं होतं थकलो म्हणून राहिली असतील. पण तसं नव्हतं. मला ती बाजू माहीतच नाही. तेहतीस वर्षांत मी बंदर पाण्यावरून एकदाही बघितलं नाही. क्रेनवाल्याला विचारलं, तर तो म्हणे, मी आयुष्यभर खाली बोटीच्या पोटात बघितलं, मला काय विचारतोस. आणि वाचनालयात टेबल ठेवायची जागा अशी आहे की दारातून आत येणाऱ्याला पहिली तीच बाजू दिसणार.

एका रविवारी तू मला टगवर चढवलं होतंस, आठवतं? लाटा अडवणाऱ्या बांधापर्यंत जाऊन येऊ, दादा, अर्ध्या तासाचं काम. वहिनी डोक्याला रुमाल बांधून पुढे जाऊन बसलीसुद्धा. आणि तू दोर सोडायच्या आत मी धक्क्यावर उडी मारली. खलाशी हसले, तू हसला नाहीस. तू म्हणालास, बरं, दादा, तू इथून आमच्यावर लक्ष ठेव. मी अर्धा तास तिथेच उभा होतो, आणि तुम्ही परत येईपर्यंत बोटीवरची नजर काढली नाही.

तेव्हा ती बाजू वहिनीने एकदा बघितली आहे. पण तिला काय विचारावं. आपलं घर कसं पिटुकलं दिसत होतं, हेच सांगते. एवढं मात्र ठाम म्हणते की तीन नंबरच्या गोदामाच्या पाण्याकडच्या भिंतीवर आकडा रंगवलेला होता, पुरुषभर उंचीचा. मी म्हणतो, नव्हता. रंगाऱ्याला कोण सांगेल तसं? त्यावरून दोन दिवस आमचं वाजलं. शेवटी म्हणाली, माझ्याशी कशाला भांडता, बारक्याला विचारा ना, तो तिथून रोज यायचा. तुझं नाव तिने इतक्या सहज घेतलं की मी वाद तिथेच सोडला.

आता जे लिहायचं ते लिहितोच. आई गेली तेव्हा तू टग सोडून मोठ्या जहाजावर होतास, इथून एकोणीस दिवस लांब. बिनतारी यंत्राची खोली कचेरीच्या वर, एकेचाळीस पायऱ्या. मी दोनदा चढलो. दुसऱ्यांदा तर तिथल्या माणसाने वही पुढे ओढून विचारलं, बोला, काय पाठवायचं. मी म्हणालो, काही नाही, सहज आलो. मी मनाशी म्हटलं, भर समुद्रात तो काय करणार, उगाच जिवाला घोर, किनाऱ्याला लागू दे, मग शांतपणे सांगू. तुझं जहाज आलं त्या दिवशी मी फाटकाशी थांबणार होतो. पण ते दोन तास आधी लागलं आणि मी बांधणी खोलीत होतो. तुला ते फाटकवाल्याने सांगितलं. हातात आईसाठी आणलेल्या मऊ सपाता होत्या. तू घरी येऊन त्या दाराशी ठेवल्यास आणि एकच वाक्य बोललास, की एकोणीस दिवस मी तिच्याशी मनात बोलत होतो, दादा, तू मला ते बोलू दिलंस. एकवीस वर्षं झाली. मी त्यावर तुला काही उत्तर दिलं नाही. तुझ्या भल्यासाठी केलं, असं मी लोकांना सांगत आलो. तसं नव्हतं. मला सांगायची भीती वाटली. मी टगवरून उडी मारली तसाच त्या जिन्यावरून खाली आलो. माफ कर म्हणण्याइतकंही धैर्य आजवर झालं नाही. आज म्हणतो. माफ कर.

कोऱ्या भिंतींवर मला काहीतरी काढता आलं असतं. चार दारं, दोन खिडक्या, कुणाला कळलं असतं? क्रेनवालाही म्हणाला, ठोकून दे. पण तुला कळलं असतं. आणि आपल्याला सोयीचं ते लावून द्यायचं, ते मी एकदा करून बसलोय.

आता खरं सांगतो. वाचनालयाच्या बाईंनी मला कुठलीही तारीख दिलेली नाही. त्या म्हणाल्या, होईल तेव्हा आणा, आम्ही कुठे पळून जात नाही. पंधरा तारीख तुझ्या वहिनीची आहे. तिच्या पोटात गाठ आहे, मोठ्या गावच्या दवाखान्यात पंधराला सकाळी ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर बरे आहेत, नीट बोलतात, पण होईल बरं असं त्यांनी अजून म्हटलेलं नाही. मी तीनदा विचारलं. दहा वर्षांचा होतास तू, ती या घरात आली तेव्हा. तुझ्या शाळेच्या डब्यापासून तुझ्या पहिल्या बोटीच्या कपड्यांपर्यंत सगळं तिने केलंय, हे मी तुला सांगायला नको. ती म्हणते, बारक्याला आत्ता कळवू नका, उगाच त्याच्या जिवाला घोर, सगळं पार पडू दे, मग शांतपणे सांगू. मी तिला हो म्हणालो. ती झोपली, आणि मी हे लिहायला बसलो. मी सांगितलं हे कळल्यावर ती माझ्यावर रागावेल, रागावू दे. यायचं की नाही, तिच्याशी काय बोलायचं, ते तुझं तू ठरव. मागच्या वेळी ते तुझ्या वतीने मी ठरवलं होतं. आज दोन तारीख आहे, टपालाला चार दिवस लागतात, तुझ्या गावाहून इथे यायला एक रात्र. मी सगळं मोजून बसलोय. तू फक्त लवकर कळव. फोन केलास तरी चालेल, मी उजव्या कानाला धरून ठेवीन. 

तुझाच,
दादा