आजी-आजोबांचं शास्त्रशुद्ध नियोजन

सोमवार, ४ मार्च. सकाळी ६.१०

सकाळी दात घासल्यावर माणूस घशातून जो आवाज काढतो, तो नेमका कशासाठी? मी समाजशास्त्रात बी.ए. आहे, आमच्या घरातली पहिली पदवीधर, आणि या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. आजोबा पावणेसहाला सुरू झाले. मध्येच थांबले. मला वाटलं, संपलं. संपलं नव्हतं.

आजी-आजोबा काल आले. आई काल गेली. आई चौदा वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत ओल्या चादरी उचलते आहे. हे सहा आठवड्यांचं निवासी ट्रेनिंग पास झाली की सुपरवायझर. खुर्ची, टेबल, पाठीला आराम. पंचेचाळिशीनंतर घेत नाहीत आणि आईला चव्वेचाळीस पूर्ण झाली. म्हणजे आता नाही तर कधीच नाही. चार वर्षांपूर्वी एकदा गेली होती, पण नवव्या दिवशी घरी आली. मला ताप होता, म्हणून मी फोन केला होता. (९९.४. पण त्या वयात तो फार वाटतो.)

निघताना आईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, की दोघांकडे लक्ष ठेव. म्हणजे घर माझ्या ताब्यात. बाबा बस चालवतात आणि शिफ्ट संपली की झोपतात, त्यामुळे त्यांना मी कारभारात धरत नाही.

संकल्प: पाचला उठणे. स्पर्धा परीक्षेचा रोज सहा तास अभ्यास. घर समतेच्या तत्त्वावर चालवणे. आणि किळस न करणे. माणसांची किळस करणं हा एक प्रकारचा वर्गद्वेष आहे.

मंगळवार, ५ मार्च

साडेआठला उठले. जाग पाचलाच आली होती, पण आजोबांचा आवाज संपेपर्यंत पडून राहावं म्हटलं.

दुपारी आजोबांनी जेवणाच्या टेबलावर पेपर पसरून पायाची नखं कापली. अंगठ्याचं नख उडून साखरेच्या डब्याच्या दिशेनं गेलं. डबा उघडा होता. नेमकं कुठे पडलं ते सापडलं नाही. चहा बिनसाखरेचा घेतला. आजोबांनी दोन चमचे घालून घेतला आणि म्हणाले, की आपलंच नख, आपल्याला काय करतंय.

किळसेबाबतचा संकल्प तात्पुरता स्थगित.

बुधवार, ६ मार्च

आज दोघांची भांडी घासायची पद्धत पाहिली आणि तळपायाची आग मस्तकात गेली.

दोघंही एकतीस वर्षं एका होस्टेलच्या मेसमध्ये कामाला होते. तिथली सवय. आजी घासते, विसळते आणि न बघता डावीकडे हात करते. तिथे आजोबा उभे. ते ताट खिडकीच्या उजेडात धरतात, फिरवतात, आणि पसंत पडलं नाही की नुसतं 'परत' म्हणून तिच्या हातात देतात. आजी निमूटपणे पुन्हा घासते. अठरा भांडी. चारदा परत. बाईचे हात साबणात आणि पुरुष सुपरव्हिजनला!

आजीला विचारलं, की तुला याचा राग येत नाही? ती म्हणाली, की एकतीस वर्षांत आला नाही, आता कुठून आणू, दुकानात मिळतो का?

शोषिताला शोषण दिसत नाही. तिसऱ्या सेमिस्टरला यावर मला बासष्ट मार्क होते.

गुरुवार, ७ मार्च

चार्ट तयार. तीन रंगांत. फ्रिजवर लावला.

आजी: भांडी. एकटीनं, स्वतंत्रपणे, कुणाच्याही तपासणीविना. आजोबा: भाजी चिरणे, भात लावणे. बाबा: कचरा. मी: नियोजन, देखरेख, मूल्यमापन.

आजोबांनी चार्ट आजीला मोठ्यानं वाचून दाखवला. मूल्यमापन करायला भांडं किती मोठं लागतं, असं विचारलं. आजी म्हणाली, की बाकी सगळं छान आहे ग, पण यांना सिंकपाशी नुसतं उभं राहू दे. मी समजावून सांगितलं, की नुसतं उभं राहणं हीसुद्धा सत्ताच असते. दोघांनी एकमेकांकडे तोंड केलं. मग आजोबा म्हणाले, बी.ए. बाई म्हणतात तर तसं.

आता मला बी.ए. बाईच म्हणतात. आदरानं म्हणत असावेत.

अभ्यास: शून्य. चार्टला वेळ गेला.

शनिवार, ९ मार्च

माझ्या ताटाला कालच्या अंड्याचा बलक. पिवळा, वाळलेला, नखानं निघेना असा. अर्धं जेवण झाल्यावर दिसला. म्हणजे अर्धा पोटात गेला.

आजीला अत्यंत सभ्य शब्दांत सांगितलं. अगबाई, राहिलं का, असं म्हणून तिनं ताट कमरेच्या फडक्यानं पुसलं. त्याच फडक्यानं तिनं सकाळी न्हाणीघराचा उंबरा पुसला होता. मी पाहिलं होतं.

चार वेळा चूळ भरली. बाबा तसंच जेवले. त्यांना सांगितलं, तर म्हणाले, बलकच आहे ना, विष नाही.

सोमवार, ११ मार्च

कोबीत रक्त.

आजोबांचं बोट. दुसऱ्यांदा. सुरी बोथट आहे, म्हणून निसटते, असं त्यांचं म्हणणं. लगेच जाऊन नवी धारदार सुरी आणली. संध्याकाळी तिसरं बोट.

मध्यंतरी आजी हळूच त्यांच्याशेजारी बसून चिरायला लागली होती. भराभर चिरत होती, वर छताकडे बघत. तिला उठवलं. चार्ट एकदा मोडला की मोडतच जातो.

कोबी टाकून दिला. ब्रेड खाल्ला. ब्रेडला कुणीही हात लावलेला नाही याची खात्री करून.

गुरुवार, १४ मार्च. दुपारी ४

चहात झुरळ. पोहत नव्हतं.

आजीनं कप हसत हसत माझ्यासमोर ठेवला. मी किंचाळले. तिनं विचारलं, फार गरम आहे का.

मला आता प्रश्न पडतो, की हे लोक होस्टेलच्या शेकडो मुलींना एकतीस वर्षं कसे जेवू घालत होते आणि त्यातल्या किती वाचल्या. आजोबांना तसं बोलून दाखवलं. ते म्हणाले, की सगळ्या वाचल्या, दोघी तर डॉक्टर झाल्या. मग उठून बाहेर गेले. चिडले असावेत. टीका पचवायची सवय नाही.

अभ्यास: तीन पानं. त्यात एक नकाशा.

रविवार, १७ मार्च

पावणेदहाला उठले. सिंकमध्ये एक भांडं नाही. ताटं इतकी लखलखीत, की मी तोंड पाहून केस नीट केले.

चार्टचा परिणाम दिसू लागला! बदलाला दहा दिवस लागतात, हे मी कुठेतरी वाचलं होतं. किंवा मीच म्हणाले होते.

मंगळवार, १९ मार्च

काल दिवसभर स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसले. ताटांना भाताची शितं, पेल्याला लिपस्टिकसारखा लाल डाग. (घरात कुणी लिपस्टिक लावत नाही. टोमॅटो असावा. असू दे.)

आज लायब्ररीत गेले. आल्यावर सगळं स्वच्छ.

निष्कर्ष वहीत लिहून ठेवते: मी नसते तेव्हा भांडी स्वच्छ निघतात, मी असते तेव्हा घाण राहतात. याचा अर्थ एकच. मुद्दाम करतात. असहकार. साधी दिसणारी माणसं किती डावपेच खेळतात!

उद्यापासून देखरेख दुप्पट.

शनिवार, २३ मार्च

रात्रभर उलट्या. बाबांचंही पोट बिघडलं. त्यांची शिफ्ट बुडाली, आणि त्यांची शिफ्ट मी जन्मल्यापासून कधी बुडाली नव्हती. कालच्या मोठ्या पातेल्याच्या तळाशी मला काय दिसलं ते मी रोजनिशीतही लिहू शकत नाही.

पण आईला सांगितलं. फोन केला. बलक, फडकं, रक्त, झुरळ, पातेलं, सगळं. किळस हा शब्द पुष्कळदा आला असेल. म्हटलं, तुझी आई घाणेरडी आहे. थोडं कठोर झालं, पण वस्तुनिष्ठ होतं.

आईनं पातेल्याचं पुन्हा एकदा विचारलं. मग म्हणाली, की गुरुवारी अर्ध्या ट्रेनिंगची परीक्षा आहे, पण तिथल्या बाईंना सांगून सोमवारी सकाळच्या बसनं निघते. मी म्हटलं, तुला योग्य वाटेल तसं कर.

मी तिला ये म्हटलेलं नाही. हा तिचा स्वतंत्र निर्णय आहे. मी त्याचा आदर करते.

रविवार, २४ मार्च. सकाळी ११

नाश्त्याला दोघांना सांगितलं, की आई उद्या येते आहे. मला वाटलं, वरमतील. आजी खालीच बसली. आजोबांनी एवढंच विचारलं, की डोळ्यांचं सांगितलंस का तिला?

मी विचारलं, कुणाच्या डोळ्यांचं?

मग कळलं. आजीला उजव्या डोळ्यानं दोन वर्षं नुसतं दुधासारखं दिसतं. डाव्यानं सावल्या दिसतात, त्याही भर उजेडात. आजोबांचे हात मागच्या हिवाळ्यापासून थरथरतात. तिचे हात शाबूत, त्यांचे डोळे शाबूत. ती घासते, ते बघतात. ती चिरते, ते कीड बघतात. ती चहा ओतते, ते भरला म्हणतात. आजोबा म्हणाले, की आम्ही दोघं मिळून एक धड माणूस होत होतो ग, ते तू मधोमध फाडून फ्रिजवर लावलंस.

मोतीबिंदू आहे, ऑपरेशननं जातो, हे त्यांना माहीत आहे. पण कळलं असतं तर आईनं रजा टाकली असती, ट्रेनिंग सोडलं असतं. म्हणून आधी आईची खुर्ची, मग आजीचा डोळा, असं दोघांनी परस्पर ठरवलं होतं. तेरा एप्रिलला ट्रेनिंग संपलं की सांगणार होते.

मी विचारलं, मला का नाही सांगितलं? आजी म्हणाली, की तू विचारलंस कुठे, तू तर समजावून सांगत होतीस.

मी सकाळी झोपले असताना आणि लायब्ररीत असताना दोघं घाईघाईनं मिळून भांडी घासत होते. आजोबा म्हणाले, की तू अजून जरा झोपाळू असतीस, तर कुणाचं पोट बिघडलं नसतं.

आणि आणखी एक. निघताना आईनं त्यांनाही बाजूला घेतलं होतं. पोरीकडे लक्ष ठेवा, शिकली आहे पण जेवलेलं ताट उचलत नाही, असं सांगितलं होतं. तीन आठवडे मी त्यांना सांभाळत होते आणि ते मला. त्यातल्या एका पक्षानं काम केलं.

मला रडू आलं. आजीनं ओळखलं. कसं, ते माहीत नाही. तेच कमरेचं फडकं घेऊन माझं तोंड पुसलं. वास आला. मी तोंड बाजूला केलं नाही. ही काही मोठी गोष्ट नाही, हे मला माहीत आहे, पण मला ती जमेल असं वाटलं नव्हतं.

रविवार, २४ मार्च. दुपारी ४.२०

आईला फोन केला.

खरं सांगितलं तर ती येणार. खोटं सांगितलं तर राहणार. मी आयुष्यात सत्याची बाजू सोडलेली नाही, वादविवाद स्पर्धेतसुद्धा नाही. तरी आधी दोन तास बसून तयारी केली. आईला कोणकोणत्या शंका येतील, त्या नऊ शंका एका कागदावर लिहिल्या. प्रत्येकीपुढे उत्तर, पुरावा, तारीख. आजोबांनी साक्षीदार म्हणून बोलायचं कबूल केलं. आजी म्हणाली, की एवढं लागायचं नाही ग.

आईला म्हटलं, भांडी मी घासत होते. सगळी. अंड्याचं ताट मी घासलं होतं, झुरळ माझ्या चहात माझ्याच हातचं, पातेलंही माझंच. लाज वाटली म्हणून आजीचं नाव घेतलं. ते दोघं ठणठणीत आहेत, तू यायचं काही कारण नाही.

आई म्हणाली, मला वाटलंच.

बस. पहिल्या शंकेपर्यंतसुद्धा पोचलो नाही. उलट तिचा आवाज एकदम मोकळा झाला. कालपासून जीव टांगणीला लागला होता, म्हणे, की आईला झालं तरी काय, ती अशी कधीच नव्हती. आता उलगडा झाला. मग बसचं तिकीट रद्द करते म्हणाली, गुरुवारच्या परीक्षेचा अभ्यास झाला आहे म्हणाली, आजीची माफी माग म्हणाली. मागितली म्हटलं. ते खरं होतं.

मी मध्येच एकदा सुचवून पाहिलं, की आई, तुला हे ऐकून जरा तरी आश्चर्य वाटलं असेल. तिनं प्रामाणिकपणे विचार केला. नाही म्हणाली.

फोन ठेवण्याआधी एवढंच सांगितलं, की ताटाला मागची बाजूही असते.

डोळ्यांच्या डॉक्टरांची पंधरा एप्रिलची वेळ घेतली आहे. दुपारची भांडी घासली, आजोबा शेजारी उभे होते. सात परत आली.