फळ्यावरचे बारा शब्द

गुरुजी, इतक्या उशिरा लिहितो आहे, रागावू नका. तुम्ही गेल्याला तीस वर्षं होऊन गेली आणि मी एक ओळ लिहिली नाही. लिहायला तुम्हीच शिकवलंत, म्हणून लाज जास्त वाटते. पण गेल्या रविवारी आपल्या समाजभवनात असं काही घडलं की तुमच्याशिवाय कुणाला विचारावं ते सुचत नाही.

समाजभवन तसंच आहे. खापरखेड्याच्या वीजकेंद्राची राख अजून खिडक्यांवर बसते आणि तुमचा काळा फळाही भिंतीवर आहे. माझ्या नातीनं तिथे दोन दिवसांचा कार्यक्रम ठेवला, क्रिप्टोचा, म्हणजे फोनमधल्या, हाताला न लागणाऱ्या पैशाचा. नात शहरात, सदरला एका ऑफिसात कॉम्प्युटरवर बसते. मागच्या साली सावनेरकडून एक माणूस आला आणि असल्याच नाण्याचं नाव सांगून वस्तीतल्या बायांचे पैसे घेऊन पळाला. तेव्हापासून तिचं चाललं होतं की लोक हो म्हणोत की नाही म्हणोत, समजून म्हणोत. शनिवारी भाषणं, रविवारी स्वतःच्या हातानं करून पाहायचं. मला म्हणाली, "आबा, तुमी फक्त चहाचं पाहा जी. टेन्शन नोका घेऊ." मी घेतलंच. दूध नासेल, लाईट जाईल, कुणी येणारच नाही. पण लोक आले, आणि भाषण सुरू झाल्यावर मी चहाची किटली हातात धरून दारातच उभा राहिलो. बोलणारा पोरगा सांगत होता की या पैशाची वही एका मुनीमाकडे नसते, हजार ठिकाणी तीच लिहिलेली असते आणि कुणीही उघडून पाहू शकतो. मला तुमचा फळा आठवला.

मी वीजकेंद्रात कोळशाच्या सरकत्या पट्ट्यावर कामाला होतो तेव्हाची गोष्ट. तिथल्या पाटीवरचा एक इंग्रजी शब्द मी जुळवून जुळवून वाचला आणि कुणाला सांगितला नाही, सगळ्यांनी मलाच विचारत यावं म्हणून. तुम्हाला कळतं. सगळ्यांसमोर तुम्ही म्हणता, "काहून गा, शब्द म्हणजे चिल्लर हाय काय, मुठीत दाबून ठेवायले?" आणि माझ्या हातात खडू देता. नवा शब्द शिकला की फळ्यावर लिहून मगच घरी जायचं, हा तुमच्या रविवारच्या वर्गाचा कायदा. माझे कान तेव्हा तापले ते अजून आठवतात.

तर गेल्या रविवारी सगळ्यांनी फोनमध्ये पाकीट उघडलं. पाकिटाला किल्ली म्हणून बारा इंग्रजी शब्द येतात, ते कागदावर उतरवून घ्यायचे आणि कुणाला दाखवायचे नाहीत. आमच्या गल्लीत तर्री-पोह्याची गाडी लावणारी वहिनी माझ्याकडे आली. सावनेरवाल्यानं तिलाही बुडवलं होतं, तरी हिंमत करून तिनं पाचशे रुपये त्या पाकिटात टाकले होते. म्हणाली, "भाऊजी, अक्षरं लय बारीक हायेत. मोठे करून द्या ना जी." मी खडू घेतला आणि तुमच्या वळणात बाराच्या बारा शब्द फळ्यावर लिहिले. तिला उतरवता यावेत म्हणून. शेवटचा शब्द लिहिताना वाटलं, तुम्ही मागे उभे आहात.

मागे पाहिलं तर सगळ्या भवनाचे डोळे फळ्यावर. नात धावत आली, ओढणीनंच फळा पुसला. मागून कुणीतरी ओरडलं, "आबानं तिजोरीची किल्ली चौकात टांगली गा!" सगळे हसले. वहिनी हसली नाही. "मले पुन्हा बुडवून राहिले काय?" एवढंच म्हणाली. नातीनं तिथल्या तिथे दुसरं पाकीट उघडून पैसे तिकडे वळवले, नवे बारा शब्द वहिनीकडूनच लिहून घेतले आणि लोकांना म्हणाली, "आता कोणी विसरनार नाही." तरी मी चार दिवस रोज सकाळी गाडीवर जाऊन विचारतो, "हायेत ना?" ती म्हणते, "हायेत जी. पोहे खा अन् जा."

हे कोडं मला सुटत नाही. वही सगळ्यांपुढे उघडी आणि किल्ली मात्र कुणाला सांगायची नाही. वहिनीनं त्या भाषणवाल्या पोराला विचारलं होतं, "मी मेली तं?" तो म्हणाला, मग पैसे तिथेच राहतील, दिसतील, पण कुणाचे नसतील. म्हणून एक कागद विश्वासाच्या माणसाकडे ठेवा, असं तो सांगून गेला. काल वहिनी आमच्या घरी आली. चारदा घडी घातलेला कागद माझ्या हातात देऊन म्हणाली, "तुमच्याकडून एकदा झालं, आता नाही होनार. उघडू नोका फक्त."

गुरुजी, ती कोपऱ्यावरून वळली तशी मी घडी उघडली. पैशासाठी नाही, शपथेवर सांगतो. तिनं कसं लिहिलं ते पाहायचं होतं. अक्षरं वाकडी आहेत, पण एकही चूक नाही. आता ते बारा शब्द माझे पाठ झाले आहेत, अंघोळीला बसलो तरी तोंडात येतात. तुम्ही वाचायला शिकवलंत, समोर आलेलं न वाचता कसं राहायचं ते शिकवलं नाहीत. तिला सांगावं तर कागद परत नेईल, न सांगावं तर रोज पोहे कोणत्या तोंडानं खाऊ? हे पत्र टाकायला पेटी नाही, ते मला कळतं. तरी काय करू ते लवकर कळवा. सकाळी गाडी लागायच्या आत.