खाडीवाल्याचे पुस्तक

ता. ३ नोव्हेंबर १९३५

पोरगी पुन्हा विहिरीत! सकाळी मोट जुंपायला गेलो तर खाली पाण्यात काळे डोके. वर ये म्हटले, तर म्हणते, "आबा, अजून बारा फेऱ्या राह्यल्या." बारा फेऱ्या! तेरा वर्षांची झाली. या वयाच्या पोरी देवाला फेऱ्या घालतात, ही विहिरीला आतून घालते.

चूक मोतीरामची. तिचा बाप आणि माझा मुलगा. लहानपणी पाठीला सुका भोपळा बांधून त्यानेच तिला पाण्यात सोडली. पुढे भोपळा सुटला, पाणी सुटले नाही.

या विहिरीचे पाणी मी पन्नास वर्षे वांग्या-मिरच्यांना पाजले. तिसऱ्या पायरीच्या खाली कधी उतरलो नाही. माणसाचे पाण्यात काय काम?

ता. ५ नोव्हेंबर

छातीत घरघर. आले-गूळ घेतले. पोर पाण्यात आणि पडसे मला!

ता. १० नोव्हेंबर

निवृत्ती मास्तर आले. शाळेत ऐकणारे कमी पडतात म्हणून हा माणूस लोकांच्या मळ्यात शिकवायला येतो. बातमी आणली — खामगावच्या कोणत्याशा व्यायाम मंडळाने जानेवारीत तलावात पोहण्याच्या शर्यती ठेवल्या आहेत. यंदा मुलींची पण! पहिल्या दोघींना अमरावतीला नेऊन वर्षभर शिकवणार. राहणे-जेवण एका मास्तरीणबाईंकडे. मंजुळाला पाठवा म्हणाले. मोतीराम हो म्हणाला. त्याला उद्या कोणी विचारले की विहीर बुजवू का, तरी हो म्हणेल.

तिची आई गेली तेव्हा पोर सात वर्षांची होती. तेव्हापासून आम्हीच वाढवली. आणि आता अमरावती! तिकडे हिला ताप आला तर? वर्षभर कोणाला हाक मारू मी — बैलांना?

जाताना मास्तर एक पुस्तक ठेवून गेले. कोकणातल्या एका नामी पोहणाऱ्याने आपली हकिकत लिहिली आहे. पहिल्या पानावर त्याचे नाव आहे, पण त्यात जोडाक्षरे फार. त्याने मोठी खाडी पार केली म्हणून मी त्याला खाडीवाला म्हणतो.

ता. ११ नोव्हेंबर

दुपारी मोट सुटल्यावर पोर पुस्तक घेऊन हजर. वाचून दाखवा. पहिली झाल्यावर मीच तिला शाळेतून काढली होती, त्यामुळे वाचणे माझ्याकडे आले. मी तिसरी पास. ओळीखाली बोट धरून सावकाश वाचतो. ती खांद्याशी चिकटून बसते, अंगाला ओल्या केसांचा वास.

हा खाडीवाला मोठा बढाईखोर माणूस आहे. तीन पाने झाली तरी स्वतःच्या छातीचे माप संपेना.

ता. १४ नोव्हेंबर

पुस्तकात आहे की पायांना जोर यावा म्हणून फळीवर पालथे पडून पाय मारावेत. आमच्याकडे फळी कुठली? पोर ओसरीत बाजेवर पालथी पडली आणि लागली पाय झाडायला. गोजर — माझी बायको — पाणी घेऊन आली ती हंडा टाकून ओरडत सुटली की पोरीला फेपरे आले. कोणी कांदा आणला. मीच पायातला जोडा काढून पोरीच्या नाकाशी धरला. ती मोजत होती. "एकशे चाळीस… जोडा सरकवा, आबा… एकशे एकेचाळीस."

मला रागही आला आणि — जाऊ द्या.

ता. १७ नोव्हेंबर

आज पुस्तकात हे होते: "आई रडत होती. मी मागे वळून पाहिले नाही. निघालो." पोरीसमोर हे वाचायचे? मी वाचले, "आई रडत होती, म्हणून मी घरीच राहिलो." मंजुळा म्हणाली, "मंग खाडी कधी पार केली?" मी म्हटले, पुढे येईल.

पाप आहे का हे? पुस्तकाला काय कळते?

ता. २१ नोव्हेंबर

जीभ सैल सुटली आहे माझी. आज खाडीत मगर घातली. खाडीवाल्याची पोटरी धरली तिने! वाटले, ऐकून पोर पाण्याला हात लावणार नाही. ती सरळ उठून बसली. डोळे हे एवढे! "मंग? मंग काय केलं त्यानं?"

ता. २५ नोव्हेंबर

पाच दिवस मगर चालू आहे. मारू शकत नाही, सोडू शकत नाही. रोज रानातून पोर धावत येते ती मगरीसाठी. आणि रोज दहा फेऱ्या वाढवते — मगर मागे आहे असे समजून! घाबरवायला आणलेले जनावर तिने कामाला जुंपले. मी काय करून बसलो?

ता. २ डिसेंबर

विहिरीच्या कोनाड्यात आसरा आहेत. पाण्याच्या देवी, सात खडे शेंदूर लावलेले. त्यांच्यासमोर उलटे फिरू नये म्हणून मी पहिल्यापासून बजावले आहे — फेरी घालायची ती प्रदक्षिणेसारखी, उजवीकडेच वळत. एवढे एक ऐकते.

आज मी आसरांना नारळ फोडला. काय मागितले ते इथे लिहीत नाही.

लिहितो. पोर बुडू नये. आणि पोर जिंकू नये.

ता. १२ डिसेंबर

खाडीवाल्याचे एक पान आज पुरते बदलले. तो लिहितो, मोकळ्या पाण्यात दिशा चुकते. समोरच्या काठावरची एक खूण धरावी, झाड किंवा देऊळ. दर वीस हातांनी मान वर काढून तिच्याकडे पाहावे आणि तिकडेच जावे.

कामाचे पान होते. मला कळले होते. म्हणून मी वाचले की थंडीच्या दिवसांत पाण्यात उतरू नये, लसूण खावा आणि मोठ्यांना विचारल्याशिवाय गाव सोडू नये. मंजुळा म्हणाली, "लय शहाणा माणूस हाय, आबा. अगदी तुमच्यावानी."

बरे वाटले.

ता. २० डिसेंबर

तीन दिवस पुस्तक सापडत नव्हते. आज गवताच्या गंजीत सापडले. उंदरांनी नेले म्हणावे तर कुरतडलेले नाही.

ता. ३ जानेवारी १९३६

गोजरने लाडू केले. कालपर्यंत म्हणत होती, या बेडकीला कोण नवरा देणार. आज त्याच बेडकीसाठी डिंक तळते आहे. बायकांचे काही कळत नाही.

ता. १८ जानेवारी

उद्या शर्यत. मोतीराम, मंजुळा, मास्तर आणि मी बैलांच्या दमणीतून खामगावला आलो. आमच्या अमडापूरपासून दिवसभर हाडे खिळखिळी. मुक्काम मास्तरांच्या साडूकडे. मी माझे लाल पागोटे बांधून आलो आहे, लग्नाकार्यातले. मंजुळा म्हणाली, "आबा, हेच घाला उद्या. अन् झेंड्यापाशीच उभे राहा हं." राहीन म्हटले.

ता. २० जानेवारी

काल लिहिणे झाले नाही. आज लिहितो.

आठ पोरी. तलावाच्या पाळीवरून उड्या मारायच्या आणि समोरच्या काठाला, जिथे झेंडा रोवला होता, तिथे निघायचे. खामगावच्या सात जणी, एकीच्या अंगात तर विलायती पोषाख. आमची आजीच्या लुगड्याच्या फडक्याने कंबर आवळून उभी. लोक हसले. मंडळाचे एक साहेब भाषण करत होते ते पोरींनी उड्या मारल्यावरही करतच होते.

मी झेंड्यापाशीच उभा होतो. पण तिथून काही दिसेना. मंडळाचे लोक पुढे, साहेब पुढे. पाण्यात आठ डोकी, त्यातले आपले कोणते? मागून कोणी म्हणाले, एक बुडाली वाटते. मग मला राहवेना. काठाकाठाने निघालो. इथून दिसेल, अजून पुढून दिसेल, असे करत म्हशी बसतात त्या चिखलापर्यंत गेलो. एक जोडा चिखलात राहिला.

आणि काय पाहतो — एक डोके साऱ्यांच्या पुढे! बैलाच्या दोन कासऱ्यांएवढे पुढे! मंजुळा! पण सरळ येईना. उजवीकडे वळते, अजून वळते. झेंडा तिकडे राहिला आणि पोर इकडे. सर्वांच्या आधी पाण्याबाहेर आली ती म्हशींच्या घोळक्यात, नेमकी माझ्यासमोर. मी होतो म्हणून हात देऊन ओढली. नसतो तर?

तिने झेंड्याकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले.

साहेबांनी सांगितले, झेंड्याला हात लावला नाही म्हणजे शर्यत पुरी केली नाही. नंबर नाही. लोकांना दिवसभराची करमणूक झाली. कोणी म्हणाले, विहिरीत गोल फिरून घाण्याचा बैल झाला आहे पोरीचा. मोतीराम पण तेच म्हणाला, "बाबा, तुमच्या प्रदक्षिणेनं घात केला."

ता. २२ जानेवारी

घरी. मोतीराम कधी नव्हे ते नाही म्हणाला! पोहणे बंद. वैशाखात सोयरीक पाहायची. मास्तर आले होते. म्हणाले, पोर सर्वांत पुढे होती हे मंडळाच्या लोकांनीही पाहिले. वळली का तेवढे कळले आणि घरच्यांनी लिहून दिले, तर ते तिला अमरावतीला अजूनही घेतील. मोतीराम म्हणाला, जिला सरळ जाता येत नाही तिने अमरावतीला जाऊन काय करायचे?

मी खाली मान घालून वांग्याची रोपे निवडत होतो. प्रदक्षिणा घालायला लावली कोणी? मी. खुणेचे पान दाबले कोणी? मी. आसरांना नारळ कोणी फोडला? सगळे माझ्या मनासारखे झाले. पोर घरात आहे. भाकरी खाते, बैलांना पाणी दाखवते. विहिरीकडे पाहत नाही.



ता. २५ जानेवारी

आज ठरवले. दुपारी पुस्तक घेऊन तिच्याजवळ बसलो. म्हटले, खाडीवाल्याचे एक पान वाचायचे राहिले होते. खुणेचे पान काढले, ओळीखाली बोट ठेवले आणि खरे वाचू लागलो. माझ्या आधी तिनेच पुढची ओळ म्हटली. न पाहता!

म्हणाली, "तुमचं बोट एकाच ओळीवर राहे, अन् तोंड चार ओळी पुढं. मले मगरीतच समजलं. मंग म्या अक्षरं लावून लावून वाचलं, गंजीत बसून. मगर बरी व्हती, आबा. त्याच्या पुस्तकात तर काहीच नाई."

म्हणजे खुणेचे पान तुला माहीत होते? हाव, म्हणाली. मग झेंडा सोडून वळलीस कशी?

"पाण्यातून झेंडा दिसे नाई. तुमचं लाल पागोटं दिसे. म्या तेच धरलं. पण तुमी काऊन चालून राह्यले व्हते?"

ता. २६ जानेवारी

पोरगी सरळच पोहली होती. चालत होती ती तिची खूण.

मोतीराम बैल सोडून येतो आहे. त्याला सांगायला उठतो.