पाहुण्याचा वाटा

७ जाने.
अड्याळ. तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, सुमनबाई. मासेमार सोसायटीच्या अध्यक्ष; जीभ जाळ्याहून बारीक विणीची. गावात बर्फ नाही, दुपारच्या आत पडेल त्या भावात मासळी विकावी लागते. आता हॉलंडची कंपनी शीतगृह काढते म्हणते. साहेब परवा येणार. दुभाषी मीच, वार्ताहराला सगळं येतं असा समज.

"पंडितभाऊ, थे इकडं काहून येऊन राहिले?"
"करात सूट मिळेल ही आशा. शिवाय एका युरोला रुपये भरपूर."
"मंग रुपया पडला तं चांगलंच!"
"येताना चांगलं. नफा घरी नेताना हाती युरो कमी पडतात."
"म्हंजे येताना वरात, जाताना पायी."

हे बातमीत घालता आलं असतं तर!

९ जाने.
यानसाहेब आले. उंच, हसरे, चिंतातुर. सकाळभर एकच जप: सूट मिळेल का? रुपया आणखी घसरला तर? संस्कृत पाठशाळेत मी रूपं घोकली, रुपये नाही. तरी निभावलं.

मग जाळं ओढलं. पाळीवर मासळीचे वाटे पडले. जो हजर, त्याचाही एक. रीत अशी: एकाने पाठ फिरवायची, दुसऱ्याने ढिगावर हात ठेवून विचारायचं, "हा कोनाचा?" पाठमोरा नाव घेईल त्याचा. पाठ फिरवायचा मान साहेबांना. मी रीत समजावली, नावं सांगायची विसरलो. साहेबांना गावातलं एकच नाव ठाऊक.

"हा कोनाचा?" "सुमनबाई!"
"अन् हा?" "सुमनबाई!"

सगळा तलाव सुमनबाईंचा. पाळ हसून लोळली. "अवो, हा मले मालगुजारीन करून राहिला!" मालगुजार म्हणजे इथले जुने जमीनदार, तलावांचे मालक.

पुन्हा वाटणी. साहेबांच्या वाट्याला मोठा रोहू. त्यांना नवी चिंता: हा घरी कसा नेणार? नासेल की!
सुमनबाई म्हणाल्या, "नेता कायले? इथंच शिजवा, इथंच खा. नफ्याचंबी तसंच करा."
भाषांतर केलं. साहेब हसायचे थांबले. म्हणाले, पुन्हा सांगा.

२ फेब्रु.
अर्थसंकल्प झाला. साहेबांचा फोन: सूट आहे की नाही, कंपनीचे करवाले अजून वाचताहेत, रुपया खाली. पण सुरुवातीचा नफा इथेच ठेवून शीतगृहाला दुसरी खोली जोडावी, असं त्यांनी वरिष्ठांना सुचवलंय. होकार नाही. नकारही नाही.

१५ फेब्रु.
अड्याळ. आज पाठ माझी. सगळी नावं संपली तरी एक ढीग उरला.
"हा कोनाचा?" सुमनबाई, मुद्दाम.
"यानसाहेबांचा," म्हणालो. टाळ्या!
"पण बाई, ते येईपर्यंत टिकेल कसा?"
"तुमच्या घरी फ्रिज हाये न, पंडितभाऊ!"

आमच्या सात्त्विक फ्रिजात, दह्याच्या डोक्यावर, रोहू विराजमान. सौ. विचारते, किती दिवस?
शीतगृह होईपर्यंत, म्हणालो.