मयत राजाबाईंच्या घरचा चहा

जुळे सोलापूर,
रविवार

तीर्थस्वरूप गुरुबसप्पामामांना सिद्धेश्वरीचे शरणु. मामी, म्हैस आणि तुमचा गुडघा या तिघांची खुशाली कळवावी. आम्ही सगळे ठीक. मी तर जरा जास्तच ठीक आहे, कारण गेल्या महिन्यात मी एका बाईला जिवंत केलं. कागदावर, पण केलं.

झालं असं, आमच्या कर्करोग नोंदणी केंद्रात (तिथं मी काय करते हे तुम्ही दर दिवाळीला विचारता, म्हणून सांगते: कुठल्या गावात किती जणांना कॅन्सर झाला आणि त्यातले किती गेले, हे दवाखान्यांच्या कागदांवरून मोजते) माढ्याकडच्या हरणबेटाचा आकडा आला. उजनीच्या पाण्यानं चहूकडून वेढलेली वाडी, माणसं तीनशे बारा. एका वर्षात तीन रोगी, एक मयत. तीन म्हणजे काय विशेष, असं तुम्ही म्हणाल. पण आमच्यात सगळं लाखामागं मोजतात, आणि लाखामागं ते नऊशे एकसष्ट झाले. जिल्ह्यात एवढा आकडा कुणाचाच नव्हता. साहेबांनी तो बैठकीत वाचला, बातमी फुटली, आणि बेटावरची मासळी कुणी घेईना. तिथल्या रुपाली नावाच्या मुलीचं ठरलेलं लग्नही मोडलं.

मला मात्र तो आकडा खटकत होता. राजाबाई, राजूबाई आणि रखमाबाई, तिघींचं वय एकच, गाठही एकाच जागी, आणि त्यातल्या राजाबाई मयत. म्हणून निघाले. माझा एक पाय काठावर असतानाच नावाड्यानं होडी हाकली (पुढचं लिहीत नाही, फाईल तेवढी डोक्यावर धरली होती). ओल्या साडीनंच पहिल्या घरी विचारलं, "राजाबाई कुठं राहायच्या?"

शेळीची धार काढणारी बाई म्हणाली, "ऱ्हायच्या म्हंजे? मी हितंच हाय की."

मग राजूबाई कोण? "दवाखान्यात तसं लिवलं." आणि रखमाबाई? "माहेरचं नाव. आधारवर त्येच हाय." गेली ती तिची चुलतसासू, तीही राजाबाईच, चौऱ्याण्णवाव्या वर्षी, झोपेत; तिचा मृत्यूचा दाखला हिच्या नावाला जोडला गेला होता. ही बाई उपचार पुरे करून ठणठणीत. चहा रुपालीनं केला. ती या मयत राजाबाईंचीच मुलगी.

साहेब म्हणाले, कागद बदलायला पुरावा लागतो. मी पुढच्या आठवड्यात पुरावाच घेऊन गेले, सोबत होडीभर माणसं. साहेबांनी आधी कॉम्प्युटरकडं बघितलं, मग बाईंकडं, मग परत कॉम्प्युटरकडं. "या हयात आहेत याला आधार काय?"

"सायब, बोलतीय की," राजाबाई म्हणाल्या.

तिनाचा एक झाला आणि मयताचा शून्य. साहेबांचं तसं पत्र मी स्वतः बेटावर जाऊन वाचून दाखवलं. मासळी पुन्हा बाजारात जाते आहे. लग्न मोडणारेही परत आले होते. रुपालीनं त्यांना चहा दिला आणि नकार दिला. जाताना मला दोघांनी हात धरून होडीत बसवलं. (अशी मिरवणूक माझ्या लग्नातही निघाली नव्हती, हे तुमच्या जावयाला, संगमेशला सांगू नका.)

तुमची भाची,
सिद्धेश्वरी

ता. क. खरं काम हे. मामींचा फोन आला होता. तुमच्या गालात आतून पांढरा चट्टा आहे, त्याला दोन महिने झाले, आणि त्या बघायला लागल्या की तुम्ही तोंड मिटून घेता. मंगळवारी सकाळी इकडं या. डॉक्टरांची वेळ घेतली आहे. संगमेश स्टँडवर येईल.

ता. क. दुसरं. तुमच्या एकट्यानं जिल्ह्याच्या आकड्यात काही फरक पडत नाही, हे मी लिहून देते. पण मामा मला एकच आहे, आणि एकातून एक गेला की काय उरतं ते तुम्हीच मला पाटीवर शिकवलंय. तंबाखूची पुडी मामींच्या हातात देऊन निघा.