भोकांचा पुठ्ठा

प्रिय धाकटे,

फोन करता आला असता, पण फोनवर तू पहिल्या वाक्यालाच मला मुद्द्यावर यायला सांगतेस आणि मग माझा मुद्दाच राहून जातो. म्हणून लिहिते आहे. शिवायला घेतलेले पडदे बाजूला ठेव, मशीन बंद कर आणि सावकाश वाच. मध्येच राग आला तरी पत्र शेवटपर्यंत वाच, एवढं माझं ऐक.

गेल्या गुरुवारी तुझी भिंगरी माझ्याकडे शाळेत आली होती. तुला तिनं सांगितलं नसणार. मधल्या सुट्टीत दारात उभी राहिली तेव्हा मी क्षणभर ओळखलंच नाही, इतकी वाळली आहे पोर. पुढे काय व्हायचं हे विचारायला नववी-दहावीची मुलं माझ्यासमोरच्या ज्या खुर्चीत येऊन बसतात, तिच्यातच ती बसली. माझा स्टेपलर वर्षभर अडकून पडला होता. बोलता बोलता तिनं तो उचलला आणि पेनाच्या टोपणानं उघडायला लागली. माझ्याकडे न बघता तिनं सांगितलं की तिला नर्सिंग सोडायचं आहे. तिसऱ्या वर्षाला.

झालं ते असं. वॉर्डात तिची कामाची पाळी होती. छातीतला कफ ओढून काढायचं यंत्र बंद पडलं, आणि दुरुस्तीवाला येईपर्यंत थांबायचं सोडून ही जमिनीवर बसून ते उघडायला लागली. पाव तास लागला, पण चालू करून उठली. तेवढ्या वेळात शेजारच्या खाटेवरच्या आजोबांनी तिला दोनदा हाक मारली होती. पाणी हवं होतं, की नुसतं कुणी जवळ यायला हवं होतं, कोण जाणे. हिच्या कानावर काहीच पडलं नाही. मुख्य नर्सबाईंनी सगळ्यांसमोर तिला फैलावर घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा गेले. डॉक्टर म्हणाले, ते जाणारच होते, त्याचा याच्याशी संबंध नाही. पण भिंगरीला डाचतंय ते वेगळंच. आजोबा गेल्याचं कळलं तेव्हा तिच्या मनात पहिला विचार आला तो हा, की यंत्र अजून नीट चालतंय ना. हे सांगताना तिचा आवाज इतका बारीक झाला की मला पुढे वाकून ऐकावं लागलं.

आता मागचं सांगते. ती नववीत होती ते वर्ष आठव. तुमच्या घरात महिनाभर धुसफूस चालली होती. तिला लिफ्टदुरुस्तीचा अभ्यासक्रम करायचा होता आणि तू म्हणत होतीस की मुलीच्या जातीनं का विहिरीसारख्या त्या खड्ड्यात उतरायचं. भाऊजी अंथरुणाला खिळलेले. ते कुणाचीच बाजू घेत नव्हते, नुसते तुम्हा दोघींची तोंडं बघत पडून राहायचे. माझंही ते सल्लागाराच्या नव्या कामातलं पहिलंच वर्ष. त्याआधी वीस वर्षं मी भूगोल शिकवत होते, हे आता शाळेतही कुणाला आठवत नाही. तुम्हा दोघींचं भांडण मिटवायला मीच म्हणाले, माझी कल चाचणी होऊ दे, कागद काय सांगतो ते बघू.

त्या चाचणीची गंमत तुला कधी नीट सांगितली नाही. मुलं कॉपी करतात म्हणून प्रश्नांचे दोन संच असतात, अ आणि ब. तपासायला भोकं पाडलेला पुठ्ठा मिळतो. तो उत्तरपत्रिकेवर ठेवायचा, भोकांतून दिसतील तेवढ्या खुणा मोजायच्या. दोन संचांचे पुठ्ठे वेगळे. एकशे एकोणचाळीस मुलांच्या उत्तरपत्रिका मी शाळेतच बसून तपासल्या. एकच घरी आणली, भिंगरीची, कारण तू रोज विचारत होतीस आणि मलाही धीर निघत नव्हता. जेवणाच्या टेबलावर पुठ्ठा ठेवला आणि मोजलं. शुश्रूषेत सगळ्यात जास्त, यंत्रकामात सगळ्यात कमी. माझ्याच भुवया वर गेल्या. सहाव्या वर्षी दाराची बेल उघडून पुन्हा जोडणारी मुलगी ही. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण मी आरसाच धरून बसले. वर तुला शहाणपणानं समजावलं की माणूस आतून वेगळाच असतो. भिंगरीनं निकालाचा कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, मावशीची चाचणी आहे म्हणजे बरोबरच असेल. त्या दिवसापासून ती लिफ्टचं नाव काढेनाशी झाली. भाऊजींनी कागद उशाशी ठेवून घेतला.

अडीच महिन्यांनी गठ्ठे बांधून कपाटात ठेवताना तिच्या उत्तरपत्रिकेचा कोपरा दिसला. त्यावर ब होता. घरी मी फक्त अ चा पुठ्ठा नेला होता. योग्य पुठ्ठा ठेवून तीन वेळा मोजलं, धाकटे. यंत्रकामात चाळीसपैकी अडतीस. शुश्रूषेत अकरा.

तशीच उठून तुझ्याकडे आले होते. तुला आठवणार नाही, तू मला पोहोचल्या पोहोचल्या बळंच जेवायला बसवलंस. भिंगरी भाऊजींना चमच्यानं औषध देत होती आणि ते शेजारच्या काकांना सांगत होते, पोरगी नर्स होणार, आता मला कसली काळजी नाही. मी जेवले आणि परत गेले. पाच दिवसांनी भाऊजी गेले. मग तोंड उघडलंच नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की मरणाऱ्या माणसाचं समाधान हिरावून घ्यायला नको होतं. पण ते निमित्त होतं. त्याच महिन्यात माझ्या खोलीच्या दारावर पाटी लागली होती. सल्लागारबाईंनी सख्ख्या भाचीचाच निकाल चुकवला हे कळलं असतं तर ती पाटी निघाली असती. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती मी झाकून ठेवली, आणि आत तुझी मुलगी होती.

गुरुवारी ती मला काय म्हणाली ते लिहिणं जड जातं आहे. म्हणाली, मावशी, चाचणीत माझ्यात माया आहे असं निघालं होतं ना, मग ती गेली कुठे. चाचणी तर खोटी नसते, म्हणजे मीच वाईट निघाले. आणि मी, तुझी शहाणी ताई, काय म्हणाले असेन? दमली आहेस, परीक्षा झाली की बघू. तिनं मान हलवली, दुरुस्त झालेला स्टेपलर माझ्यापुढे ठेवला आणि गेली.

त्या वर्षीच्या बाकीच्या एकशे एकोणचाळीस उत्तरपत्रिका मी शनिवार-रविवार बसून पुन्हा तपासल्या. सगळ्या बरोबर आहेत. आज सकाळी मुख्याध्यापकांना सगळं लेखी दिलं. ते काय करायचं ते करतील.

हे पत्र आत्ता लिहायचं कारण म्हणजे येत्या रविवारी ती घरी येते आहे. शनिवारी तिची परीक्षा संपते, तोवर तिला काही सांगू नकोस, मीही सांगणार नाही. तुला काय सांगायचं ते तिनं पाठ केलं आहे. माझ्यासमोर एकदा म्हणूनही दाखवलं, शाळेतल्या भाषणासारखं, मान खाली घालून. आधी ती तुझी माफी मागणार आहे, मग बाबांच्या फोटोची. तू नेहमीसारखा निकालाचा तो कागद काढून तिच्यापुढे धरशील, म्हणून तिची खरी उत्तरपत्रिका सोबत पाठवते आहे. मी शनिवारीच तुझ्याकडे येते. तुला दार उघडावंसं वाटलं नाही तर पायरीवर बसेन, मला चालेल. पण ती आली की तिला माफी मागू देऊ नकोस. ती बोलायला लागायच्या आत तिला जवळ घे आणि सांग की तिच्यात काहीही कमी नव्हतं.

तुझीच,
ताई