शिकागोत आईने काढलेले शूज

रविवार, ब्लॅकटाउन

आज आई, लेक आणि मी शिकागोहून घरी परतलो. एअरपोर्टवरून येतानाच मैत्रिणीचा फोन, "पिझ्झा कसा होता?" भरभरून सांगितलं. पण डोक्यात आईचे शूज.

तिथल्या म्युझियममध्ये दगडी बुद्धमूर्ती दिसताच आईने भर गर्दीत शूज काढले, हात जोडले. मी मूर्तीच्या अंगावरल्या चीवराच्या घड्यांचे फोटो काढत होते. लेक कुजबुजली, "आजी, इट्स जस्ट आर्ट!"

"तुम्ही आर्ट बघा. मी भेटून घेते."

मग मला काय दिसलं? नुसत्या घड्या?

घरात शिरले ती थेट नागपूरहून आणलेल्या बुद्धमूर्तीसमोर. रोज वंदना करते, पण चेहरा आज पहिल्यांदा न्याहाळला. डावा डोळा जरा मोठा रंगवलाय. इतकी वर्षं दिसला कसा नाही?

"आधी शूज काढ गं," मागून आई.